कुंपणच शेत खाते तेव्हा

कायदेशीर मार्गाने सत्तेवर आलेला नेता सत्तेवर असतानाच नियम मोडतो किंवा वाकवतो, संसद बंद पाडतो किंवा तिचे दात काढून घेतो, न्यायालयांचे हात बांधतो आणि आपली मुदत वा अधिकार वाढवून घेतो, तेव्हा त्या घटनेला राज्यशास्त्रात स्व-उठाव म्हणतात. ‘ऑटोगोल्पे’ हा स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतून जगभर गेला. मराठी वर्तमानपत्रे अशा वेळी सत्तापालट, बंड, हुकूमशाही यांपैकी जो शब्द हाताशी असेल तो वापरतात. त्यातला एकही नेमका बसत नाही, कारण इथे सत्ता पालटतच नाही. खुर्चीत बसलेला माणूस तोच राहतो, बदलते ती खुर्ची.

नेहमीचा उठाव ओळखायला सोपा असतो. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्याने तो पाहिलेला आहे. म्हसळा हा सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानातला एक महाल होता. १९४८ च्या आरंभी नाना पुरोहित, मोहन धारिया आदींच्या नेतृत्वाखाली तरुण कार्यकर्त्यांनी संस्थानी अंमल उलथवण्यासाठी चढाई केली आणि त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तिथे बाहेरचे कोण, आतले कोण, सत्ता कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे कोणाला विचारावे लागत नाही. त्या घटनेला मुक्तिसंग्राम म्हणावे की बंड, यावर वाद घालता येईल. पण काय घडले यावर फारसा वाद उरत नाही. स्व-उठावात नेमके उलटे होते. कुंपणच शेत खाते आणि कुंपण जागच्या जागी उभे असल्यामुळे चोरी झाली की नाही यावरच मतभेद होतात.

काही वेळा तो उघड्यावर, दिवसाढवळ्या होतो. ५ एप्रिल १९९२ रोजी पेरूचे अध्यक्ष अल्बेर्तो फुजिमोरी दूरचित्रवाणीवर आले, संसद बरखास्त केल्याचे आणि राज्यघटना स्थगित केल्याचे त्यांनी सांगितले आणि लष्कर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच देशात ७ डिसेंबर २०२२ रोजी पेद्रो कास्तियो यांनी तोच प्रयोग केला. लष्कराने साथ दिली नाही आणि काही तासांत ते पदावरून गेले, अटकेतही गेले. उरुग्वेत २७ जून १९७३ रोजी अध्यक्ष बोर्दाबेरी यांनी लष्कराच्या संगनमताने संसद मोडीत काढली. दक्षिण कोरियात ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सुक यओल यांनी लष्करी कायदा पुकारला. खासदार कुंपणावरून चढून सभागृहात पोहोचले, १९० जणांनी एकमताने तो रद्द करण्याचा ठराव केला आणि पहाटेपर्यंत तो मागे घेतला गेला. अशा घटनांना नाव देताना अभ्यासकाची झोप उडत नाही. वेळ, भाषण, सही, सैनिक, सगळे समोर असते.

अवघड असतो तो दुसरा प्रकार. त्यात प्रत्येक पायरीला कलम असते, प्रत्येक कलमावर सही असते, प्रत्येक सहीमागे बहुमत असते. २५ जानेवारी १९७५ रोजी बांगलादेशात शेख मुजीबुर रहमान यांनी चौथी घटनादुरुस्ती संसदेतूनच मंजूर करून घेतली. संसदीय पद्धत जाऊन अध्यक्षीय पद्धत आली आणि एकपक्षीय राजवटीचा रस्ता मोकळा झाला. हे घटनादुरुस्तीच्या कलमांना धरून झाले म्हणून त्याला केवळ घटनादुरुस्ती म्हणायचे का? पाच महिन्यांनी भारतात जे घडले त्याची नोंद करतानाही हाच प्रश्न उभा राहतो, आणि त्या नोंदीतला एक महत्त्वाचा कागद म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावाशी जोडलेला आहे.

आधी घटनाक्रम. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधान म्हणून काम करता येईल, लोकसभेत मत देता येणार नाही. २५ जूनला, बुधवारी, संध्याकाळी दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली. त्याच रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या ३५२ व्या कलमाखाली ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. १९७१ च्या युद्धाच्या वेळी पुकारलेली आणीबाणी तेव्हा चालूच होती. ही दुसरी, तिच्या वरची.

या रात्रीचा एक कागद जवळून पाहण्यासारखा आहे. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना लिहिलेले ते पत्र पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालात छापले गेले. त्याचा आशय थोडक्यात असा: अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षेला तातडीचा धोका असल्याची माहिती हाती आली आहे, हा विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला आवडले असते, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून कामकाज नियमावलीच्या १२ व्या नियमाचा आधार घेऊन त्या नियमांना बगल द्यावी लागत आहे, उद्या सकाळी पहिल्या प्रथम मंत्रिमंडळाला कळवले जाईल. १२ वा नियम खराच होता. पंतप्रधानांना गरजेप्रमाणे नियमापासून बाजूला जाण्याची मुभा त्यात होती. म्हणजे मंत्रिमंडळाला वगळण्याचीसुद्धा कायदेशीर पावती फाडलेली होती.

मंत्रिमंडळाची बैठक २६ जूनला सकाळी सहाच्या सुमारास झाली. तोपर्यंत जयप्रकाश नारायण आणि विरोधी नेत्यांची धरपकड झालेली होती आणि दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज रात्रीच गेलेली होती. मंत्र्यांनी मान डोलावली ती घडून गेलेल्या गोष्टीला. घटनेची नोंद करणाऱ्यासाठी या रात्रीत सगळ्यांत मोलाचे काय असेल, तर ही वेळांची उतरंड. घोषणेचा मजकूर वाचून काहीच कळत नाही, तो निर्दोष आहे. सही आधी, अटका त्यानंतर आणि मंत्रिमंडळ सर्वांत शेवटी, हा क्रम लावला की मग पाणी कुठे मुरले ते दिसते.

मात्र एवढ्यावरून स्व-उठाव सिद्ध होत नाही. ३५२ वे कलम घटनेतच होते, ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्दही घटनेतले होते, आणि जुलैत संसदेने घोषणेला संमती दिली. लोकसभेत ती ३३६ विरुद्ध ५९ मतांनी मिळाली. विरोधी बाकांवरचे अनेकजण तेव्हा तुरुंगात होते हे खरे, पण काँग्रेसचे बहुमत १९७१ च्या निवडणुकीतून आलेले होते, बंदुकीतून नव्हे. आणीबाणीचा बचाव करणारे आजही याच मुद्द्यावर बोट ठेवतात, आणि कोणत्याही प्रामाणिक नोंदीला तो मुद्दा गिळून टाकता येणार नाही.

खरी गोम ऑगस्टमधल्या पाच दिवसांत आहे. ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. ८ ऑगस्टला राज्यसभेने ती मंजूर केली. ९ ऑगस्टला, शनिवारी, राज्यांच्या विधानसभांची अधिवेशने भरवून तिला मान्यता घेण्यात आली. १० ऑगस्टला, रविवारी, राष्ट्रपतींची संमती मिळाली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा खटला सुनावणीला होता. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढणारी ही दुरुस्ती होती. त्याच्या थोडे आधी ३८ व्या दुरुस्तीने आणीबाणीच्या घोषणेलाच न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग बंद केलेला होता. चालू खटल्यातल्या पक्षकाराने खटल्याचा निकाल घटनेत लिहून घ्यावा, याला शिस्तीची गरज, परकीय शक्ती, आर्थिक संकट यांपैकी कोणतेही कारण पुरत नाही. जून महिन्याबद्दल शंकेचा फायदा देता येतो. ऑगस्टबद्दल तो देणे कठीण आहे.

त्यानंतरच्या पायऱ्या त्याच दिशेने जातात. जून संपण्यापूर्वीच मिसा या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात बदल करून स्थानबद्धाला कारण सांगण्याची गरज काढून टाकली होती. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. ती आधी एक वर्षाने आणि नंतर आणखी एक वर्षाने वाढवली गेली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरवले की आणीबाणीत स्थानबद्धाला देहोपस्थितीचा अर्जही करता येत नाही. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, विरोधी मत एकट्या न्या. हंसराज खन्ना यांचे होते. वर्षअखेर ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदतच पाचाची सहा वर्षे केली आणि घटनादुरुस्त्यांना न्यायालयात हात लावता येणार नाही असे लिहून ठेवले.

आंबेत हे सावित्री नदीच्या काठावरचे गाव. पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातले म्हाप्रळ. बॅ. अब्दुल रहमान अंतुले इथले. १९६२ पासून ते श्रीवर्धन मतदारसंघाचे आमदार होते, राज्यात मंत्री होते, १९७६ मध्ये राज्यसभेवर आणि काँग्रेसच्या सरचिटणीसपदावर गेले. पुढे १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड करणारे म्हणून कोकणात लक्षात राहिले. सिमेंट प्रकरणातल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. ही ओळख मराठी वाचकाला असते. १९७५ च्या अखेरीची गोष्ट कमी जणांना ठाऊक असते.

त्या काळात दिल्लीच्या राजकीय वर्तुळात इंग्रजीतले एक टिपण हातोहात फिरत होते. ‘आपल्या राज्यघटनेकडे नव्याने पाहताना : काही सूचना’ असे त्याचे शीर्षक मराठीत सांगता येईल. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. त्यात थेट लोकांनी निवडलेला, सर्व कार्यकारी सत्ता हाती असलेला राष्ट्राध्यक्ष सुचवला होता. अमेरिकेच्या अध्यक्षावर तिथली काँग्रेस आणि तिथले न्यायालय जो अंकुश ठेवतात, तो इथे ढिला केलेला होता. न्यायव्यवस्थेच्या वर एक सर्वोच्च परिषद कल्पिलेली होती; तिचे प्रमुखपद राष्ट्राध्यक्षाकडे आणि कायद्यांचा अर्थ लावण्याचे, त्यांची वैधता ठरवण्याचे काम तिच्याकडे. ज्याच्या कारभाराची तपासणी व्हायची तोच तपासनिसांचा मुख्य, अशी ही रचना. टिपण फुटले, वकील आणि विरोधक यांनी हाकाटी केली आणि काँग्रेस पक्षाने त्यापासून अंग काढून घेतले.

या टिपणाचा कर्ता म्हणून अंतुले यांचे नाव घेतले जाते. भारतीय राज्यघटनेचे इतिहासकार ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या टिपणाची हकिकत सविस्तर दिली आहे. मुंबई काँग्रेसचे रजनी पटेल यांचे नावही या संदर्भात येते. पण दस्तऐवजाच्या दृष्टीने इथे एक शिस्त पाळावी लागते. निनावी कागद हा निनावीच नोंदवायचा. ‘अंतुले यांनी लिहिले’ आणि ‘अंतुले यांचे मानले जाते’ ही दोन वाक्ये वेगळ्या रकान्यांत जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूचना आणि कृती यांत फरक करायचा. फेब्रुवारी १९७६ मध्ये काँग्रेसने घटनाबदलासाठी स्वर्णसिंग समिती नेमली. तिचे सचिव अंतुलेच होते; रजनी पटेल, कायदामंत्री ह. रा. गोखले, वसंत साठे, वि. न. गाडगीळ अशी महाराष्ट्राशी संबंधित नावे तिच्यात बरीच होती. या समितीने मात्र अध्यक्षीय पद्धत नाकारून संसदीय पद्धतच देशाला योग्य असल्याचे म्हटले. ४२ वी दुरुस्ती या समितीच्या शिफारशींमधून पुढे निघाली, आणि तिने न्यायालयांचे अधिकार कापले, संसद ठेवली.

म्हणून आंबेतच्या बॅरिस्टरांच्या नावाशी जोडलेला हा कागद स्व-उठावाचा पुरावा म्हणून वाजवीपेक्षा जास्त ओढू नये. तो सांगतो ते एवढेच, की त्या वेळी सत्तेच्या जवळच्या लोकांना काय काय शक्य वाटत होते. बांगलादेशात तेच १९७५ च्या सुरुवातीला प्रत्यक्षात आले होते. इथे ते टिपणातच राहिले. हेतू सिद्ध करायला मसुदा पुरेसा नसतो, मसुद्यावर कोणी काय केले ते लागते. आणि इथे वरिष्ठांनी तो स्वीकारला नाही, हीसुद्धा तितकीच ठळक नोंद आहे.

नावाचा झगडा तर त्याच काळात सुरू झाला होता. सरकारी शब्द ‘आणीबाणी’. त्याला गोड वेष्टण मिळाले ते ‘अनुशासन पर्व’ या शब्दांचे, आणि ते शब्द विनोबा भावे यांचे. विनोबाही रायगड जिल्ह्यातलेच, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. डिसेंबर १९७४ पासून त्यांचे वर्षभराचे मौन चालू होते. त्या काळात त्यांच्या पवनारच्या आश्रमातून बाहेर आलेले हे दोन शब्द सरकारने फलकांवर चढवले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्ताधाऱ्यांचे असते, अनुशासन आचार्यांचे. खुलासा फलकांवर आला नाही. जिल्ह्याचा तिसरा माणूस मोहन धारिया, महाडजवळच्या नात्याचे. जंजिऱ्याच्या लढ्यातून पुढे आलेले धारिया केंद्रात राज्यमंत्री होते. जयप्रकाशांशी बोलणी करावीत असा आग्रह धरला म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिपद गमवावे लागले आणि आणीबाणीत ते तुरुंगात गेले. एका जिल्ह्यातून आणीबाणीला तीन तऱ्हेचे प्रतिसाद निघाले. त्यामुळे ‘कोकणाची भूमिका’ वगैरे सरसकट वाक्ये लिहिणाऱ्याने जरा थांबावे.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. दुसरीकडे शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. त्या त्या माणसाने त्या त्या वेळी कोणता शब्द वापरला याची नोंद तारखेसह ठेवणे हे इतिहासकाराचे अर्धे काम. १९७५ मध्ये ‘हुकूमशाही’ म्हणणे आणि १९७७ नंतर म्हणणे यात तुरुंगाचे अंतर आहे.

अभ्यासक उठावांचे वर्गीकरण करतात तेव्हा पहिली अडचण व्याख्येचीच येते. जोनाथन पॉवेल आणि क्लेटन थाइन यांच्या प्रसिद्ध यादीत उठाव म्हणजे राज्ययंत्रणेतल्या लोकांनी सत्तेवरच्या प्रमुखाला हटवण्याचा प्रयत्न. या व्याख्येत स्व-उठाव मुळातच बसत नाही, कारण प्रमुखाला कोणी हटवतच नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या क्लाइन सेंटरची यादी मात्र त्याला वेगळे घर देते. याच केंद्राने ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर झालेल्या हल्ल्याची नोंद आधी एका प्रकारात केली आणि पुढे जास्त पुरावा आल्यावर, अध्यक्षांचाच स्व-उठावाचा प्रयत्न असा तिचा प्रकार बदलला. नोंद बदलली याचा अर्थ आधीची अप्रामाणिक होती असा नव्हे. पहिल्या आठवड्यात चित्रफिती होत्या. साक्षी आणि पत्रे नंतर आली. म्हणून चांगल्या नोंदीत नावाबरोबर ते नाव कधी आणि कशाच्या आधारे दिले, हेही लिहिलेले असते.

भारताच्या प्रकरणात निर्णय कशावर घ्यायचा? लष्कर रस्त्यावर नव्हते. संसद बरखास्त झाली नाही, बसत राहिली, तिचा प्रश्नोत्तराचा तास बंद झाला तरी. न्यायालये पूर्ण झोपली नव्हती: ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड वैध ठरवली, पण त्याच निकालात ३९ व्या दुरुस्तीतले पंतप्रधानांच्या निवडणुकीचे कलम घटनेच्या मूळ चौकटीला धक्का देते म्हणून रद्द केले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या नियतकालिकाच्या खटल्यात सेन्सॉरला त्याची हद्द दाखवली. आणि १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये त्या झाल्या, सत्ताधारी पक्ष हरला आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले. स्व-उठाव करणारे बहुधा पराभव पत्करून घरी जात नाहीत.

तरीही शेवटावरून सुरुवातीला नाव देणे चूक. कृती कोणती झाली हे पाहायचे, ती पुढे मागे घेतली का हे दुसऱ्या रकान्यात. सत्तेवरच्या व्यक्तीने स्वतःचे पद वाचवण्यासाठी पाऊल उचलले, कायदेमंडळातल्या विरोधकांना कोंडले, न्यायालयाचा चालू खटला घटनेतून निकालात काढला, निवडणूक पुढे ढकलली आणि हे सगळे करताना मंत्रिमंडळालाही नंतर सांगितले. या साखळीला ‘कायद्याच्या वाटेने झालेला आणि पुढे निवडणुकीने संपलेला स्व-उठाव’ म्हणणे सगळ्यांत कमी चुकीचे ठरते. तारीख मात्र एकच देता येत नाही. २५ जून ही सुरुवातीची, १० ऑगस्ट ही पुराव्याच्या दृष्टीने निर्णायक. केवळ २५ जून लिहिली तर बचावाच्या वकिलाला काम सोपे होते, आणि केवळ ऑगस्ट लिहिली तर पहिल्या रात्रीच्या अटका नोंदीतून निसटतात.

सरकारने दिलेल्या नावांवर अभ्यासकाने विसंबून चालत नाही, कारण सरकारे बदलली की नावेही बदलतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना दरमहा मानधन सुरू केले, २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने ते थांबवले, २०२२ मध्ये तिसऱ्याने पुन्हा चालू केले. जुलै २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. ही अधिसूचना १९७५ बद्दलचा पुरावा नाही. २०२४ च्या राजकारणाबद्दलचा आहे. दोन्ही फायली जपाव्यात, एकमेकींत मिसळू नयेत. मानधनाच्या फायलींचा एक अनपेक्षित उपयोग मात्र होतो. अर्जदाराला तुरुंगवासाचा दाखला जोडावा लागतो, त्यामुळे कोण, कोणत्या तुरुंगात, किती काळ, याची जिल्हावार कागदपत्रे एका ठिकाणी येतात. येरवडा आणि नाशिक रोडच्या तुरुंगांतल्या नोंदी हाती लागण्याआधी गावपातळीच्या संशोधकाने जिल्हाधिकारी कार्यालयाकडे वळावे हे उत्तम.

देशपातळीवरचा मुख्य आधार शहा आयोगाचा. मे १९७७ मध्ये न्या. जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला आणि १९७८ मध्ये मार्च, एप्रिल व ऑगस्ट असे तीन टप्प्यांत त्याचे अहवाल आले. आयोगाने केलेले एक काम नमुनेदार आहे. ‘अंतर्गत अशांतता’ होती की नाही यावर मते मागवत बसण्याऐवजी त्याने जून १९७५ च्या आधीचे रोजचे सरकारी कागद पाहिले. राज्यपालांचे पाक्षिक अहवाल, गृहखात्याची टिपणे, गुप्तचर विभागाची माहिती. १२ ते २५ जूनच्या दरम्यान परिस्थिती हाताबाहेर गेल्याचा इशारा त्यांत नव्हता. घाऊक किमतींचा निर्देशांकही आधीच उतरणीला लागलेला होता. धोका होता असे म्हणणाऱ्या सरकारच्याच कपाटात धोक्याचा कागद सापडला नाही. मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून देशभरात १ लाख १० हजारांहून अधिक लोक अडकवले गेले, ही आकडेवारीही याच आयोगाची.

आयोगाला उणीवही आहे आणि ती लपवू नये. तो प्रतिस्पर्धी सरकारने नेमलेला होता. इंदिरा गांधी जानेवारी १९७८ मध्ये त्याच्यापुढे आल्या, पण त्यांनी शपथेवर साक्ष द्यायला नकार दिला. म्हणजे निर्णय जिने घेतला तिची शपथेवरची बाजू नोंदीत नाहीच. जे आहे ते पत्र, अधिकाऱ्यांच्या साक्षी आणि नंतरच्या मुलाखती. १९८० मध्ये सत्ता पुन्हा बदलल्यावर अहवालाच्या प्रती बाजारात दिसेनाशा झाल्या. माजी खासदार एरा सेझियन यांनी जपलेल्या प्रतीवरून २०१० मध्ये तो पुन्हा छापला, म्हणून आज सर्वसामान्य वाचकाला तो मिळतो.

आठवणी सांगणाऱ्यांचे काय? आणीबाणीत तुरुंगात गेलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, पण प्रत्येक तारीख कागदाशी ताडून. अटक जुलैतली की डिसेंबरच्या आणीबाणीविरोधी सत्याग्रहातली, मिसाखाली की संरक्षण नियमांखाली, हे माणूस पन्नास वर्षांनी विसरतो. आणि पहिल्या झपाट्यातली प्रतिबंधक स्थानबद्धता व नंतर स्वतःहून करून घेतलेली अटक हे दोन वेगळे प्रकार आहेत. सेन्सॉरने काढलेला मजकूर शोधायचा तर छापील अंक पुरत नाही, मुद्रितांच्या गठ्ठ्यात जावे लागते. जिथे संपादकांनी कोरी जागा सोडली तिथे ती कोरी जागाच दस्तऐवज असते, तिचे छायाचित्र घ्यावे.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले, लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरवले. तिच्यात आणखी एक कलम आहे, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची घोषणा करू नये. १२ व्या नियमाची पळवाट त्यामुळे बंद झाली. पुढे कधी अशी रात्र आली, तर मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा कागद घोषणेच्या आधीच्या वेळेचा असावा लागेल, आणि तो नसला तर घटना कोणत्या वर्गात टाकायची हे ठरवायला अभ्यासकाला पन्नास वर्षे थांबावे लागणार नाही.